प्रश्नचिन्हाला आकडा नसतो

९ जानेवारी

ताईंना नमस्कार.

आम्ही परवा घरी पोचलो. गाडीत ह्यांनी माझ्या अंगावर स्वतःचा कोट टाकला आणि सगळा रस्ता खिडकीबाहेर पाहत बसले. तुम्ही खाट मिळवून दिलीत, वॉर्डात येऊन बसलात, डॉक्टरीणबाईंशी बोललात. त्याबद्दल काय लिहू? तिसऱ्या वेळी शब्दही उरत नाहीत.

फाटकातून आत आले तर आई दारात उभ्या. मास्तरीण अडली होती. ती पांढऱ्या दाढीची शेळी, चष्म्यावरून पाहिल्यासारखी बघते ती. करडू आडवं आलं होतं. आई म्हणाल्या, "नवे, हात धू आणि ये. झोपायचं ते मग झोप." मनगटावर हॉस्पिटलची पट्टी होती, ती तशीच राहिली. दोन्ही करडं जिवंत निघाली. आईंनी पोत्याने पुसता पुसता त्यांनाच सांगितलं, "बघा रे, हिला दुसऱ्यांची बरोबर काढता येतात." हे हसले. मीही थोडी हसले.

काल संध्याकाळपासून पुन्हा ताप आहे. डोळ्यांच्या मागे ठणकतं आणि अंथरूण घामाने भिजतं. दरवर्षी शेळ्या विऊन झाल्या की येतो, तसाच. आई म्हणतात, दमणुकीचा आहे.

एक विचारायचं होतं. शेजारपाजारचे विचारतात, नक्की झालं काय? आईंनाही नाव हवंय. हे म्हणाले, कागदावर काय पडलंय ते ताईला विचार, तिच्याच खोलीत ठरतं. फोन खाली दुकानात आहे आणि तिथे मीठ घ्यायला आलेली माणसंही ऐकत उभी राहतात, म्हणून लिहिते.

सहा वर्षं झाली तरी मी इथे नवीच आहे, म्हणून सहीही तशीच करते.

नवी


१७ जानेवारी

नवीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर सुधारलंय.

आमची खोली तळघरात आहे, धोबीखाना आणि शवागार यांच्या मधे. आम्ही तिघी बसतो. वर डॉक्टर काय करायचं ते करतात, खाली आम्ही त्याचा आकडा करतो. प्रत्येक दुखण्याला एक अक्षर आणि पुढे अंक. कुत्रं चावून पिसाळला तर ए ८२. कातडी कमावणाऱ्याला अँथ्रॅक्स झाला तर ए २२. पोपट पाळणाऱ्याच्या छातीत ताप उतरतो, तो ए ७०. कोंबडीने टोचलं त्याचीही सोय आहे. माझ्या शेजारची जाडी म्हणते, जावयाने डोकं खाल्लं तर कुठला घालायचा? तिला जावई तसाच मिळालाय.

तुझा आकडा एन ९६. वारंवार गर्भपात होणारी बाई. ए ने सुरू होणारे रोग बाहेरून येतात, जनावरातून, पाण्यातून, दुसऱ्या कोणाकडून. एन म्हणजे ज्याचं त्याचं, आतलं. दुखवायला लिहीत नाही, तू विचारलंस म्हणून सांगते. फाईल माझ्याच टेबलावर आली आणि मीच आकडा घातला. परक्याच्या हाताने पडण्यापेक्षा बरं.

हे पत्र माझ्या धाकट्या भावाला वाचून दाखव. आईलाही. नाव हवं होतं ना, मिळालं.

तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्यात गुण नाहीत असं कोणी म्हणत नाही. लग्न ठरवायला आलो होतो तेव्हा तू चहाचा कप पुढे केलास आणि आईने तुझा हात पाहिला. परत जाताना गाडीत म्हणाली, "हात अरुंद आहे पोरीचा, शेळ्यांना बरा." आम्ही किती हसलो होतो. पण खरं निघालं की नाही?

यंदा दुधाचा डबा पाठवू नका. मला पचत नाही हल्ली. चिमीकडेही पाठवू नका. कोर्टात जाऊन लग्न करून आल्यापासून ती माझ्याशी बोलत नाही, पण लेकीच्या पोटाची काळजी मलाच. इथे पिशवीतलं दूध चांगलं मिळतं.

ताई


२ मार्च

ताईंना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून दाखवलं. आईंनी ते घडी करून देवाच्या फोटोमागे ठेवलंय. कोणी आलं की काढतात.

फेब्रुवारीत उशिराच्या शेळ्या गाभडायला लागल्या. आधी काळी, मग तिची बहीण, मग रोज कोणीतरी. करडं पूर्ण वाढलेली आणि मेलेली. मी ती काढत होते आणि आई पुरत होत्या. शेवटी ह्यांनी गुरांच्या डॉक्टरला बोलावलं. पोरगेला माणूस आहे, बूट धुऊन आत आला, बूट धुऊन बाहेर गेला. आई म्हणाल्या, बूट धुवायला शिकवतात वाटतं कॉलेजात. त्याने शेळ्यांचं रक्त नेलं आणि आठवड्याने स्वतः सांगायला आला. क्यू ताप.

म्हणाला, शेळी वरून धडधाकट दिसते, नुसती गाभडते. रोग विल्यावर पडणाऱ्या वारेत असतो, पाण्यात असतो, वाळला की गोठ्याच्या धुळीत असतो. वाऱ्यानेही जातो. माणसाला ताप येतो आणि बाई पोटुशी असेल तर तिचं जातं. औषध घेतलं नाही तर अंगात वर्षानुवर्षं दबा धरून राहू शकतो. मग माझ्याकडे बघून त्याने विचारलं, घरात कोणाला असा त्रास? मी सांगणार होते, पण आई मधे पडल्या. त्यांची आई शेळ्यांतच मेली, त्या शेळ्यांतच म्हाताऱ्या झाल्या, दोन पोरं झाली, दोन्ही जगली. त्यांना कसं काही झालं नाही? तो म्हणाला, तुम्हाला लहानपणीच होऊन गेला असेल, आजी. आईंनी त्याला चहा दिला नाही.

रात्री मी ह्यांना म्हणाले, बघा, तो म्हणाला गोळ्या आहेत यावर. दीडएक वर्ष घ्यायच्या, मग होऊ शकतं. ह्यांनी अंथरूण झटकलं. मग म्हणाले, तो गुरांचा डॉक्टर आहे. हॉस्पिटलने एन लिहिलंय.

तसं मी अजून लिहिलं नव्हतं, पण लिहिते. मागच्या रविवारी आई ह्यांना घेऊन शाळेतल्या बाईंच्या घरी गेल्या होत्या, चहाला. बाई तिशीच्या आहेत, एकट्या राहतात. जायच्या आधी आईंनी मला ह्यांच्या शर्टाला इस्त्री करायला सांगितली. मी केली. कॉलर दोनदा केली.

ताई, माझी फाईल काढून बघाल का? माझं रक्त तपासलं होतं का, आणि त्यात काय निघालं? हे म्हणाले आहेत, ताई सांगेल ते खरं. आता सगळं तेवढ्यावरच आहे.

नवी


१४ मार्च

नवीस आशीर्वाद.

तू सांगितलंस म्हणून फाईल काढली. ती काढायला वरच्या साहेबांची परवानगी लागते, तीही घेतली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिली. रक्ताचा रिपोर्ट नाही.

गुरांच्या डॉक्टरने गुरांबद्दल बोलावं. त्याला एक नवा शब्द मिळाला, तो तो दारोदार वाटत फिरतोय. आणि असल्या गोष्टी पसरवू नकोस. हा रोग सरकारात कळवायचा असतो. कळवला की माणसं येतात, गोठ्याला कुलूप लावतात. आईचं आयुष्य त्या गोठ्यात गेलंय. तुला सहा वर्षं झाली, तिला सत्तर.

आमच्या कामाचा एक नियम आहे, तोही सांगून ठेवते म्हणजे तुझ्या डोक्यातून जाईल. डॉक्टर खात्रीने लिहितात त्यालाच आकडा. त्यांनी एखाद्या रोगाचं नाव लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं, तर आम्ही ते नाव सोडून देतो आणि जे घडलं तेवढंच लिहितो. प्रश्नचिन्हाला आकडा नसतो. घडलं काय, तर तीन वेळा गेलं. तेवढं मी लिहिलं. यात माझं काय चुकलं?

शाळेतल्या बाईंचं मला आईने कळवलं होतं. मी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पण तू समजूतदार आहेस. उद्या कोणी घालवलं असं होण्यापेक्षा आपण होऊन बाजूला झालं तर माणसाचा मान राहतो. तुझ्या भावाच्या घरी एक खोली रिकामी असते ना? धाकटा तुझं काही कमी पडू देणार नाही. तो वाईट नाही.

तापावर साधी गोळी घे.

ताई


२० एप्रिल

ताईंना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. मधे दोन दिवस भावाकडे जाऊन आले. खोली पाहिली. रिकामी आहे.

तुमचं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, बरं झालं, एकदाचं कळलं. मग गोठ्याच्या दाराची बिजागरी दुरुस्त करत बसले. ती मोडलेली नव्हती.

आईंचं आणि माझं ठरलंय. मे अखेरीला शेळ्यांची दुसरी खेप विणार आहे, तोवर मी थांबायचं. त्यांनी स्पष्टच सांगितलं, शाळेतल्या बाईंचा हात रुंद आहे, खडू धरायचा हात. त्यांना नवी म्हणायला लागल्यावर मला काय म्हणायचं, असं मी विचारलं. आई म्हणाल्या, तेव्हा तू इथे कुठे असशील?

आता खरं कारण लिहायचं. चिमीचं पत्र आलंय. तिला दिवस गेलेत, चौथा चालू आहे. तुम्हाला बहुधा माहीत नसेल. तिचा नवरा बोटीवर गेलाय, पावसाळ्यानंतर येईल. एकटीला करमत नाही म्हणून इथे आजीकडे येऊन राहू का, असं विचारते. लहानपणी सुट्टीत करडांना बाटलीने दूध पाजायची, ते तिला आठवतं. आईंना फार आनंद झालाय. वरची खोली झाडायला सांगितली, गोठ्यावरची, तिला तीच आवडायची.

मी अजून हो कळवलेलं नाही. तुम्ही आई आहात तिची. तिला इथे येऊ देऊ नये असं काही कारण असेल तर कळवा. कारणासकट कळवा, म्हणजे मला आईंना सांगता येईल.

नवी


२५ एप्रिल

नवीस.

चिमीला तिथे येऊ देऊ नकोस. रस्ता खराब आहे, या दिवसांत धक्के बसून चालत नाही. जवळ हॉस्पिटल नाही. वरच्या खोलीचा जिना उभा आहे. आईला आता कोणाचं करवत नाही आणि तुझं तुलाच पुरे झालंय.

तिला कळव की जागा नाही. किंवा आईला बरं नाही म्हण. मी सांगितलं असं म्हणू नकोस, मी सांगितलं तर ती मुद्दाम येईल.

लगेच कळव.

ताई


६ मे

ताईंना नमस्कार.

तुमचं पत्र येईपर्यंत चिमी पोचली होती. तिने उत्तराची वाट पाहिली नाही. तुमच्यावर गेली आहे.

तुम्ही काळजी केली होतीत, म्हणून एकेक सांगते. धक्के बसू नयेत म्हणून ती पुढच्या सीटवर बसून आली. खाली दवाखान्यात नर्स आहे, ती आठवड्याला येऊन बघेल. जिन्याला ह्यांनी कठडा लावला. आईंचं तर वय दहा वर्षांनी कमी झालंय, परवा चक्क गाणं म्हणत होत्या. आणि माझं काय, मला कामच आहे.

चिमी सकाळी उठते ती थेट गोठ्यात. मास्तरीण तिला ओळखते, निदान चिमीचं तसं म्हणणं आहे. खिडकी उघडी टाकून झोपते. गवताचा वास आवडतो म्हणाली. मी म्हटलं, धूळ येते. ती म्हणाली, "मामी, तू अगदी आईसारखी बोलतेस." आम्ही दोघी हसलो.

ताई, तुम्ही चार कारणं लिहिलीत. पाचवं असेल तर लिहा. एकच ओळ पुरे, खाली तुमची सही हवी. ती ओळ मी घरात सगळ्यांसमोर वाचेन आणि त्याच दिवशी चिमीला गाडीत बसवून देईन. तुमची ओळ नसेल तर माझं इथे कोण ऐकणार? मी एन ९६.

शेळ्या महिन्याच्या शेवटी विणार आहेत. तुमची ओळ त्याच्या आत यायला हवी.

नवी


१३ मे

नवीस.

पाचवं कारण वगैरे काही नाही. आईचं मन, एवढंच. तुला ते कळायचं नाही, म्हणून सोडून देते.

सोबत पार्सल पाठवलंय. त्यात रबरी हातमोजे आणि तोंडाला बांधायचे मास्क आहेत, दोन डझन, आमच्या स्टोअरमधले, चांगल्यातले. चिमीला लहानपणापासून धुळीचा त्रास आहे, तू विसरली असशील. तिला ते घालायला लाव. गोठ्यात शक्यतो पाठवूच नकोस. शेळ्या वितात तेव्हा तर नाहीच, तिला रक्त बघवत नाही. दूध उकळून दे, दोनदा उकळ. खिडकी बंद ठेव.

मला महिनाअखेरपर्यंत रजा मिळत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात येते आणि तिला घेऊन जाते. तोवर एवढं कर. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही.

आणि शाळेतल्या बाईंचं मी आईशी बोलेन. घाई नको म्हणून सांगेन. तू थोडे दिवस राहिलीस तरी चालेल.

ताई


२९ मे

ताईंना नमस्कार.

पार्सल मिळालं. मी ते उघडून ओसरीवर मांडलं आणि बराच वेळ बघत बसले. सहा वर्षांत तीन वेळा मी पोटुशी असताना त्या गोठ्यात हात घालत होते आणि तुम्ही त्याच स्टोअरच्या खाली बसत होता. माझ्यासाठी एक जोडही आली नाही.

एप्रिलमध्ये मी भावाकडे गेले असं लिहिलं होतं. एक दिवस भावाकडे गेले, दुसऱ्या दिवशी तुमच्या हॉस्पिटलात. तळघरात आले नाही. डॉक्टरीणबाईंच्या दाराशी बाकावर बसले. तुमच्या पत्रात प्रश्नचिन्ह होतं, म्हणून गेले. मी तुम्हाला प्रश्नचिन्हाबद्दल काही विचारलंच नव्हतं.

त्यांना मी आठवत होते. म्हणाल्या, "मी क्यू फीवर लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं आणि रक्त पाठवलं होतं. तुम्ही घरी गेल्यावर रिपोर्ट आला. रोग निघाला होता. ए ७८. तुमच्या नणंद इथेच काम करतात, घरचंच माणूस, म्हणून त्यांच्या हातात दिला आणि सांगितलं, लगेच गोळ्या सुरू करायला लावा." मग त्यांनी मला विचारलं, कशा चालल्यात गोळ्या? मी म्हटलं, चांगल्या चालल्यात, फक्त चिठ्ठी हरवली, ती पुन्हा लिहून द्या.

त्या दिवसापासून घेते आहे. ताप गेला.

ह्यांना सांगितलं नाही. ते म्हणाले असते, ताईला विचार. म्हणून मीच तुम्हाला विचारलं, पुन्हा पुन्हा विचारलं. तुम्ही एक ओळ लिहिली असतीत तर मी इथली राहिले असते आणि चिमी घरी परत गेली असती. दोन्ही त्याच ओळीत होतं. तुम्ही लिहिलंत, काही नाही.

तुमचं पत्र मी चिमीला आणि आईंना वाचून दाखवलं, सगळं, जसंच्या तसं. रक्त बघवत नाही यावर चिमी खूप हसली. म्हणाली, आई मला अजून पाच वर्षांची समजते. हातमोजे घालून पाहिले, तिला मोठे होतात, बोटांची टोकं लोंबतात. आई म्हणाल्या, रबर लावून शेळीला हात लावला तर ती बुजते, काढ ते. तिने काढले. मी काही म्हटलं नाही. माझ्या म्हणण्याला या घरात तुमच्या सहीशिवाय किंमत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

परवापासून शेळ्या विताहेत. काल माझी ट्रंक बांधून झाली. मी आईंना विचारलं, मी गेल्यावर एखादी अडली तर कोण बघणार? आई म्हणाल्या, "चिमी आहे ना. बघ की तिचा हात." चिमीने हात पुढे केला, दिव्याखाली उलटासुलटा करून दाखवला. खरंच, माझ्याहून अरुंद आहे.

आज पहाटे एक शेळी अडली तेव्हा मी ओसरीत गाडीची वाट पाहत बसले होते. आतून चिमीचा आवाज येत होता. फार खुशीत होती.

तुम्ही जूनमध्ये याल तेव्हा मी इथे नसेन. काही कमीजास्त झालं तर घाबरून जाऊ नका. फाईल तुमच्याच टेबलावर येईल. आकडा तुम्हीच घाला. परक्याच्या हाताने पडण्यापेक्षा बरं.

नवी